जुनी फायबर नौका घेतली आहे : इंजिन मध्येच बंद पडते, तापते आणि बॅटऱ्या टिकत नाहीत. मार्गदर्शन हवे

खाडीकाठ :

नमस्कार.

पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपल्यावर, ऑगस्टमध्ये माझ्या चुलतभावाने आणि मी मिळून एक जुनी फायबरची नौका विकत घेतली. ती ३२ फुटी असून विजयदुर्गच्या आत, वाघोटन खाडीत नांगरलेली असते. इंजिन चार सिलिंडरचे डिझेल आहे. ते मूळचे ट्रकचे असून नौकेसाठी बदलून घेतलेले आहे. इंजिनाच्या आत गोडे पाणी फिरते आणि ते हीट एक्स्चेंजरमध्ये समुद्राच्या पाण्याने थंड होते. लोखंडी पत्र्याची २०० लिटरची डिझेलची टाकी मागच्या डेकखाली, इंजिनाच्या पातळीपेक्षा थोडी खाली आहे. आधीच्या मालकांनी जवळजवळ दोन वर्षे नौका किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवली होती आणि त्या काळात टाकीत सुमारे निम्मे डिझेल तसेच पडून होते, हे आम्हांला व्यवहार झाल्यावर कळले.

तीन अडचणी आहेत. पहिली आणि सर्वांत काळजीची म्हणजे इंजिन सकाळी चटकन सुरू होते, पस्तीस-चाळीस मिनिटे उत्तम चालते, नंतर हळूहळू दम सोडते आणि बंद पडते. दहा मिनिटे थांबून डिझेल चढवायचा हातपंप मारला की ते पुन्हा सुरू होते. मात्र दुसऱ्या खेपेला ते वीस मिनिटांतच थांबते. फिल्टर दोनदा बदलले. एका मिस्त्रींच्या मते इंजेक्शन पंप उतरवून कॅलिब्रेशन करावे आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी चारही नोझल बदलावीत, तर दुसऱ्यांच्या मते टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप नवा टाकावा.

दुसरी अडचण अशी की मिनिटाला १६०० फेऱ्यांपर्यंत तापमानाचा काटा जागेवर राहतो, परंतु त्यापुढे वेग वाढवला की तो चढू लागतो. तिसरी अडचण बॅटऱ्यांची. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकत्र जोडलेल्या आहेत, त्यांपैकी एक ट्रकची १०० अँपिअर-तासांची आणि दुसरी घरगुती इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर. नौका तीन दिवस उभी राहिली की मुख्य स्विच बंद असूनही सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरत नाही. इंजिन चालू असताना मी मल्टिमीटरने मोजले, तेव्हा अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रावर) १४.२ व्होल्ट आणि बॅटरीच्या टोकांवर १३.१ व्होल्ट मिळाले.

माझे काका तांडेल, म्हणजे नौकेचे प्रमुख, होते. ते असते तर इंजिनाचा नुसता आवाज ऐकून त्यांनी दोष सांगितला असता. आम्हां दोघांना समुद्र माहीत आहे, यंत्र मात्र अजून माहीत नाही. दोन वेळा इंजिन बंद पडले ते खाडीच्या तोंडाशी, ओहोटीचे पाणी बाहेर ओढत असताना, आणि त्यातल्या एका वेळी नांगर धरायलाही उशीर लागला. त्यामुळे हे सुरळीत होईपर्यंत बाहेर जायचे नाही असे आम्ही ठरवले आहे. सुरुवात कोठून करावी, हे कृपया सांगावे.


मिरकरवाडा_डिझेल :

बाहेर न जाण्याचा तुमचा निर्णय योग्य आहे, त्यावर ठाम राहा. पंप आणि नोझल यांना इतक्यात हात लावू देऊ नका. मी गेली तीस वर्षे नौकांची डिझेल इंजिने दुरुस्त करतो आहे. तुम्ही दिलेल्या वर्णनात पंपापेक्षा टाकीकडेच बोट जाते. पंप झिजला असेल तर गरम झालेले इंजिन बंद केल्यावर पुन्हा सुरू व्हायलाच त्रास देते. तुमचे इंजिन दहा मिनिटांनी, म्हणजे पुरते गरम असतानाच, सुरू होते आहे. नोझल बिघडली असतील तर धूर आणि खडखड ही लक्षणे पहिल्या मिनिटापासून दिसतात, चाळीस मिनिटे वाट पाहत नाहीत.

आता टाकीत काय झाले असेल ते पाहू. अर्धी रिकामी लोखंडी टाकी दिवसा तापते आणि रात्री निवते, आणि प्रत्येक वेळी हवेच्या नळीतून श्वास घेतल्यासारखी बाहेरची दमट हवा आत ओढते. त्या हवेतले पाणी थंड पत्र्यावर दंवासारखे जमते आणि डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी जाऊन बसते. कोकणातले दोन पावसाळे अशा टाकीने काढले, तर तळाला बरेच पाणी साचू शकते. जिथे पाणी आणि डिझेल एकमेकांना टेकतात त्या सीमेवर जिवाणू आणि बुरशी वाढते, तिचा काळपट, बुळबुळीत गाळ तयार होतो आणि त्यात टाकीचा गंज मिसळतो. इंजिन चालू असताना हा गाळ ओढ नळीच्या तोंडाशी जमत जातो. इंजिन थांबले की ओढ संपते, गाळ सुटून खाली बसतो आणि वाट पुन्हा मोकळी होते. दुसऱ्या खेपेला इंजिन लवकर थांबते, कारण तोपर्यंत गाळ ढवळला गेलेला असतो.

अशीच लक्षणे देणारे आणखी एक कारण आहे आणि ते तपासायला काहीही खर्च येत नाही. टाकीची हवेची नळी तुंबलेली असेल, तर डिझेल जसजसे कमी होते तसतशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि शेवटी फीड पंपाला डिझेल ओढवत नाही. इंजिन दम सोडू लागले की लगेच टाकीचे झाकण उघडा. आत हवा शिरल्याचा फुस्स असा आवाज आला, तर हवेची नळी तुंबली आहे असे समजा.

याच वेळी फिल्टरवरचा एअर काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारा आणि काय बाहेर येते ते नीट पाहा. डिझेलबरोबर बुडबुडे आले, तर टाकी आणि फीड पंप यांच्यामधला एखादा सांधा किंवा वॉशर हवा धरतो आहे. ही बाजू ओढीखाली असल्याने तिथून डिझेल गळेलच असे नाही, फक्त हवा आत जाते, आणि म्हणूनच हा दोष डोळ्यांना दिसत नाही. बुडबुडे नसतील पण डिझेल अगदी कमी येत असेल, तर वाट अडलेली आहे.

खरा निवाडा मात्र कॅनच्या परीक्षेने होईल. स्वच्छ डिझेलने भरलेला २० लिटरचा कॅन टाकीच्याच पातळीवर घट्ट बांधा आणि टाकीकडून येणारी नळी काढून फीड पंपाची ओढ त्या कॅनमधून द्या. इंजिनाकडून परतणाऱ्या डिझेलची नळीही त्याच कॅनमध्ये सोडायला विसरू नका, नाहीतर परतीचे डिझेल टाकीत जाईल आणि कॅन लवकर रिकामा होईल. नौका जेट्टीला पुढून-मागून दुहेरी दोरांनी बांधा, गिअर टाका आणि मध्यम वेगावर तास-दीड तास इंजिन चालवा. एक माणूस सतत कॅनपाशी बसू द्या. इंजिन न थांबता चालले, तर पंप, नोझल आणि फीड पंप हे तिन्ही निर्दोष ठरतील आणि दोष टाकी, हवेची नळी किंवा मधल्या नळीत आहे हे पक्के होईल. यात तुमचा खर्च फक्त जळालेल्या डिझेलचा.

दोष टाकीतच निघाला, तर औषध ओतून काम भागवू नका. जिवाणू मारणारी औषधे मिळतात, परंतु मेलेला गाळ तसाच टाकीत राहतो आणि पुढचे कित्येक फिल्टर बंद करतो. टाकी उघडून पुसून काढावीच लागेल.


निवृत्त_मरीन :

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मी तापमानाबद्दल लिहितो आणि त्याआधी एक धोक्याची सूचना देतो.

तुमच्या नौकेत थंड करून झालेले समुद्राचे पाणी धुराबरोबर एक्झॉस्टमधून बाहेर टाकले जात असेल, तर इंजिन सुरू होत नसताना वारंवार आणि लांबलचक सेल्फ मारणे फार घातक आहे. सेल्फ मारताना पाण्याचा पंप पाणी ढकलत राहतो, मात्र ते बाहेर फेकायला धूर नसतो. पाणी एक्झॉस्टच्या डब्यात साचत जाते आणि शेवटी उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये शिरते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पुढच्या फेरीत कनेक्टिंग रॉड वाकतो. तुमचे इंजिन मधूनमधून बंद पडते आणि बॅटऱ्याही अशक्त आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. दोन-तीन प्रयत्नांत इंजिन सुरू झाले नाही तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करा आणि इंजिन सुरू होताच तो लगेच उघडा. पाण्याच्या पंपातले रबरी पात्यांचे चाक, म्हणजे इम्पेलर, कोरडे फार वेळ टिकत नाही, म्हणून कॉकपाशी माणूस उभा ठेवा.

आता तापमान. कमी वेगात काटा जागेवर राहतो आणि वेग वाढवताच चढतो, याचा अर्थ उष्णता वाहून नेण्याची क्षमता कमी झाली आहे किंवा इंजिनावर गरजेपेक्षा जास्त भार पडतो आहे. पहिल्या शक्यतेसाठी पाणी ज्या मार्गाने येते त्याच मार्गाने शोध घेत जा. कॉकनंतरची जाळी, मग पंप. पंपाचे झाकण उघडून इम्पेलरची पाती मोजा. एखादे पाते तुटलेले आढळले तर नुसता इम्पेलर बदलून थांबू नका, कारण तुटलेला रबराचा तुकडा पाण्याबरोबर पुढे जाऊन हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांच्या तोंडाशी अडकलेला असतो. तो सापडेपर्यंत काम पूर्ण झाले असे मानू नये. दोन वर्षे कोरड्यात पडून राहिलेला इम्पेलर मी तरी न पाहताच बदलला असता, कारण एकाच अवस्थेत दबून राहिलेली पाती ताठरतात.

हीट एक्स्चेंजरची दोन्ही बाजूंची झाकणे काढून नळ्यांमध्ये क्षार साचले आहेत का ते पाहा. तिथे झिंकचा तुकडा बसवण्याची सोय असेल तर तोही तपासा. इतर धातूंऐवजी स्वतः झिजणे हेच त्याचे काम असते, म्हणून तो निम्मा झिजला की बदलावा. झिंक पूर्ण संपले असेल, तर समुद्राच्या पाण्याने नळ्यांचा धातू खायला सुरुवात केली असण्याची शक्यता आहे. अशा वेळी इंजिनातले गोडे पाणी कमी होते आहे का आणि ऑइल दुधाळ झाले आहे का, यावर लक्ष ठेवा. धूर आणि पाणी जिथे एकत्र येतात तो एक्झॉस्टचा बाकदार भागही एकदा उतरवून पाहा. तो आतून गंजाने आणि काजळीने निम्माअर्धा बुजलेला मी अनेकदा पाहिला आहे.

दुसऱ्या शक्यतेसाठी नौकेचा पंखा (प्रोपेलर) आणि तळ पाहावा लागेल. वेग वाढवताना काळा धूर येतो का? ऑगस्टपासून खाडीत उभ्या असलेल्या नौकेच्या पंख्यावर बार्नॅकलचा (चिकटून वाढणाऱ्या कवचाच्या जीवांचा) थर चढलेला असणारच. अशा पंख्याने इंजिनाला ठरलेल्या फेऱ्या गाठता येत नाहीत, डिझेल जास्त जळते आणि तापमान चढते. पुढच्या उधाणाच्या भरतीला नौका वर घ्या, ओहोटीला पंखा आणि तळ खरवडून काढा आणि शाफ्टवरचे झिंकही पाहून घ्या.


मालवण_बॅटरी :

तुम्ही व्होल्टेज दोन ठिकाणी मोजून दिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. अल्टरनेटरवर १४.२ आणि बॅटरीवर १३.१ म्हणजे वाटेत १.१ व्होल्ट हरवतात. लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण भरायला तिच्या टोकांवर साधारण १४.१ ते १४.४ व्होल्ट मिळावे लागतात. १३.१ वर ती अर्धवटच भरते, आणि अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेटचा कठीण थर बसत जातो, जो पुढे चार्ज करूनही सुटत नाही. तुमचा अल्टरनेटर चांगला आहे. दोष आहे तो केबल, लग (केबलच्या टोकाची कडी) आणि अर्थचे (ऋण बाजूचे) सांधे यांत.

मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून, इंजिन आणि दिवे चालू असताना, एक टोक अल्टरनेटरच्या धन बाजूला आणि दुसरे बॅटरीच्या धन टोकाला लावा. तसेच अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मोजा. ज्या बाजूला मोठा आकडा येईल त्या बाजूचे सांधे उघडायचे. खाऱ्या हवेत साधी तांब्याची तार आवरणाच्या आत हातभर काळी पडते आणि बाहेरून मात्र नवी दिसते. केबल बदलणार असाल तर कल्हईची तांब्याची, पुरेशी जाड केबल घ्या आणि लग दाबून बसवून वर आकसणारी नळी चढवा.

इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी आणि ट्रकची बॅटरी एकत्र जोडू नका. ट्यूब्युलर बॅटरी थोडा प्रवाह दीर्घकाळ देण्यासाठी बनवलेली असते, तर सेल्फला क्षणभर शेकडो अँपिअर लागतात. शिवाय दोन वेगळ्या जातींच्या आणि वयांच्या बॅटऱ्या कायम जोडलेल्या राहिल्या की कमजोर बॅटरी चांगलीला आपल्या पातळीवर ओढते. दोन्ही वेगळ्या करा. सेल्फसाठी फक्त ट्रकची बॅटरी ठेवा आणि दिवे, वायरलेस व जीपीएस दुसरीवर द्या. मध्ये निवड-स्विच बसवा, म्हणजे अडचणीच्या वेळी एकीचे काम दुसरीकडून घेता येईल. इंजिन चालू असताना हा स्विच कधीही 'बंद' वर नेऊ नका, कारण अल्टरनेटरचे डायोड जळतात.

वेगळ्या केल्यावर दोन्ही घरी नेऊन संथ चार्ज करा, बारा तास तशाच ठेवा आणि मग मोजा. १२.६ किंवा त्याहून थोडे जास्त म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारे साधन) मिळाला तर प्रत्येक खण तपासा. पूर्ण भरलेल्या बॅटरीत त्याचा आकडा १.२६५ च्या आसपास येतो आणि एखादाच खण इतरांपेक्षा बराच खाली असेल, तर ती बॅटरी गेली असे समजा. सेल्फ फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तरीही बॅटरी बदलावी, अर्थात ती आधी पूर्ण भरलेली असली पाहिजे.

राहिला प्रश्न तीन दिवसांत उतरण्याचा. मुख्य स्विच बंद ठेवून ऋण टोकाची केबल काढा आणि मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून मध्ये जोडा. बिल्ज पंपाचा (नौकेच्या तळात साचलेले पाणी उपसणाऱ्या पंपाचा) फ्लोट स्विच सोडला तर काहीही प्रवाह जाता कामा नये. जात असेल तर फ्यूज एकेक काढत चला. या तपासणीत सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

आणि बॅटऱ्या पेटीत ठेवून पट्ट्याने बांधा, पेटीला वरून हवा खेळू द्या. चार्ज होताना हायड्रोजन निघतो. खारे पाणी बॅटरीतल्या आम्लात गेले तर क्लोरीनसारखा विषारी वायू तयार होतो, त्यामुळे पेटी बिल्जच्या पातळीपासून उंच हवी.


खाडीकाठ :

आपण तिघांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. अकरा दिवसांत जे झाले ते लिहितो.

कॅनच्या परीक्षेत इंजिन जेट्टीला बांधून एक तास चाळीस मिनिटे चालले, एकदाही अडखळले नाही. नंतर टाकीवर परत जोडल्यावर ते पुन्हा दम सोडू लागले आणि चुलतभावाने झाकण उघडताच स्पष्ट फुस्स असा आवाज आला. हवेची नळी उतरवून पाहिली, तर कुंभारीण माशीने बाहेरच्या तोंडाशी मातीचे घर केले होते. नौका शाकारलेली असताना ते झाले असावे. त्यात सुईएवढी वाट उरली होती. तेवढ्यावर समाधान न मानता आम्ही टाकीही उघडली. तळाला जवळजवळ सात लिटर पाणी होते आणि त्यावर काळा, दह्यासारखा थर होता. म्हणजे दोन्ही कारणे एकाच वेळी होती. कोणताही पंप किंवा नोझल आम्ही बदललेले नाही.

इम्पेलरची दोन पाती तुटलेली होती. एक तुकडा हीट एक्स्चेंजरच्या झाकणाशी सापडला आणि दुसरा आतल्या नळीच्या तोंडात. झिंकच्या जागी केवळ स्क्रू उरला होता. पंखा खरवडला. आता २१०० फेऱ्यांवरही काटा जागेवर राहतो. ऑइल स्वच्छ आहे.

बॅटऱ्यांच्या बाबतीत मुख्य स्विच बंद असतानाही ०.८ अँपिअर जात होते. वायरलेस आणि जीपीएस कोणीतरी स्विच वगळून थेट बॅटरीला जोडलेले होते. दिवसाला १९ अँपिअर-तास, म्हणजे तीन दिवसांत ५८, हा हिशेब अर्धवट भरलेल्या बॅटऱ्यांना पुरेसा होता. अर्थची केबल बदलली आणि आता बॅटरीवर १४.० व्होल्ट मिळतात. ट्रकच्या बॅटरीचा एक खण मात्र उठत नाही, ती बदलतो आहोत.

टाकीच्या तळाला एका कोपऱ्यात गंजाने पत्रा पातळ झाला आहे. इथले एक वेल्डर ठिगळ मारून देतो म्हणतात. मारून घ्यावे का?


मिरकरवाडा_डिझेल :

वाचून फार बरे वाटले. ठिगळ मात्र मारू नका. रिकामी झालेली डिझेलची टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण तिच्या सांध्यांत आणि गंजाच्या पापुद्र्यांत मुरलेले डिझेल वेल्डिंगच्या उष्णतेने वाफ होऊन पेट घेते. शिवाय एका कोपऱ्यात पातळ झालेला पत्रा इतरत्र शाबूत असेल असे नाही. नौकेत तर ते काम अजिबात होऊ देऊ नका. नवी टाकी करून घ्या, तिच्या तळाला एका बाजूस उतार आणि सर्वांत खोल जागी निचऱ्याचा कॉक द्या. ओढ नळीचे तोंड तळापासून दोन-तीन बोटे वर ठेवा आणि हात जाईल एवढे तपासणीचे झाकण वर बसवा. हवेच्या नळीचे तोंड खाली वळवून त्यावर बारीक पितळी जाळी बसवा. माशी त्यात घर करणार नाही आणि लाटेचे पाणीही शिरणार नाही.

टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये पारदर्शक वाटीचा पाणी वेगळे करणारा फिल्टर टाका, ३० मायक्रॉनचा पुरेल, कारण बारीक गाळणी इंजिनावर आहेच. जमल्यास असे दोन शेजारी-शेजारी बसवा आणि मध्ये कॉक ठेवा, म्हणजे खाडीच्या तोंडाशी एक तुंबला तर इंजिन न थांबवता दुसऱ्यावर जाता येईल. पहिले महिनाभर ती वाटी रोज सकाळी पाहा, कारण जुन्या नळ्यांमधली घाण अजून येत राहील.

पुढच्या ३१ मेच्या आत, पावसाळी बंदी लागण्याआधी, नौका वर ओढण्यापूर्वी, टाकी जवळजवळ काठोकाठ भरा आणि ऑइल तेव्हाच बदला, ऑगस्टसाठी ठेवू नका, कारण वापरलेल्या ऑइलमधले आम्ल दोन महिने बेअरिंगवर बसून राहते. समुद्राच्या पाण्याच्या मार्गातून गोडे पाणी फिरवून घ्या, इम्पेलर काढून ठेवा आणि काढल्याची चिठ्ठी चावीला बांधा. बॅटऱ्या घरी नेऊन महिन्यातून एकदा चार्ज करा. नवी टाकी बसल्यावर पहिला आठवडा खाडीतच चालवा आणि वाटीत काय येते ते इथे कळवा.